गळ्यातले मडके आणि हातातला कुंचला

आमच्या घरात दोन तसबिरी होत्या. एक तथागताची आणि एक बाबासाहेबांची. घराला खिडकी नव्हती, पण तसबिरींना काच होती. दर पौर्णिमेला माय ती काच पदराने पुसायची आणि मग चुलीकडे वळायची. या दोन तसबिरींखेरीज घरात तिसरे चित्र नव्हते. माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही. ते कसे दिसत होते हे मला ठाऊक नाही. मायला विचारले तर ती म्हणते, "तुझ्यासारखेच होते, पण वाकलेले." माझ्या आजोबांचे एवढेच चित्र माझ्यापाशी आहे आणि तेही शब्दांचे आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे मी पुस्तकातून शिकलो. पण साधन नसणे म्हणजे काय, हे घरातूनच शिकलो होतो. ताम्रपट, बखरी, शिलालेख, चित्रे ही सगळी ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांची साधने. त्यात आम्ही कुठे आहोत, हा प्रश्न दलित साहित्याने विचारला आणि त्याचे उत्तर स्वतः लिहून दिले. चित्रकलेच्या बाबतीत हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. गेल्या चाळीस वर्षांत काही चित्रकार, शिल्पकार तो आपल्या कामातून विचारत आहेत. 'मी कोण?' आणि 'आम्ही कोण?' हे दोन प्रश्न त्यांच्या कामात वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्या कामाकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी अभावाविषयी बोलले पाहिजे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोंदवले. पावलांचे ठसे पुसायला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात या माणसाचे चित्र आहे. पण त्या काळी त्याच्याच वस्तीतल्या कोणी रेखाटलेले त्याचे चित्र कोठे आहे? पुण्याच्या वाड्यांच्या भिंतींवर देवदेवता, राजे, हत्ती-घोडे रंगले. मडके बांधलेला माणूस त्या भिंतीजवळ जाऊच शकत नव्हता, मग तिच्यावर रेघ कशी ओढणार? १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तेथून शब्द आपल्या हाती आला. रंग मात्र आला नाही.

त्यानंतर चित्रात आम्ही आलो, पण दुसऱ्याच्या हातून. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपली प्रजा नीट ओळखून घ्यायची होती. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा छायाचित्रांचा ग्रंथ आठ खंडांत निघाला. त्यात नाना जातीजमातींची माणसे कॅमेऱ्यासमोर उभी केलेली आहेत. बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. हा माणूस कोणाचा बाप होता, काय गुणगुणत होता, त्याला कशाची भीती वाटत होती, याची नोंद घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. जात ही त्याची ओळख आणि तीही दुसऱ्याने लिहिलेली. मडके गळ्यातून गेले खरे, पण चित्राखालच्या त्या ओळीत ते पुन्हा बांधले गेले, असे मला वाटते.

१८५७ सालीच मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. हिंदी कारागिरीला वळण लावणे हा तिच्या आरंभीच्या हेतूंपैकी एक होता. पण कारागीर कोणाला म्हणायचे? दोर वळणारा मांग, कातडे कमावणारा ढोर, जोडा शिवणारा चांभार, सूप-टोपल्या विणणारा बुरूड यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब होते. केरसुणीच्या मुठीला जो पीळ घातला जातो तो आखीव रेषेपेक्षा कमी नेटका नसतो. परंतु या कसबाला समाजाने बलुते म्हटले, कला म्हटले नाही. हात आमचे होते, हुन्नर आमचे होते. फक्त त्याला नाव देण्याचा अधिकार आमचा नव्हता.

१८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. देवदेवतांची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर गेली. ज्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती त्यालाही आता देवाचे चित्र विकत घेता येऊ लागले. हा बदल लहान नव्हता. पण त्या चित्रांतले रूप, वर्ण, दागिने, सारेच वरच्या समाजाच्या कल्पनेतले होते. देव घरी आला, तरी तो आपल्यासारखा दिसत नव्हता.

आता प्रश्न असा की, दलित कविता, कथा, आत्मकथन एवढ्या जोमाने आले, मग चित्र मागे का राहिले? १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्या ब्लॅक पँथरमध्ये १९६७ पासून एमोरी डग्लस हा चित्रकार पक्षाच्या वृत्तपत्रासाठी चित्रे काढत होता आणि ती चित्रे काळ्यांच्या वस्तीतल्या भिंतींवर चिकटवली जात होती. आपल्या पँथरचे अग्रणी मात्र प्रामुख्याने कवी आणि लेखक होते. हा फरक प्रतिभेचा नव्हे. त्याची कारणे फार साधी आहेत आणि ती मला माझ्याच शाळेतून कळली.

आठवीत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे ठरवले. माझा हात बरा होता. परीक्षेची फी कशीबशी जमली, पण रंगांची पेटी, ब्रश आणि जाड कागद यांना पैसे नव्हते. बाप सालाने राबत होता. सर वर्गात म्हणाले, "ज्याच्याकडे सामान नाही त्याने हौस करू नये." ते दुष्ट नव्हते. त्यांना जे दिसत होते ते त्यांनी सांगितले. त्याच वर्षी मी वहीत कविता लिहू लागलो, कारण कवितेला पेन्सिलीचा तुकडा पुरतो. आपल्या साहित्याची थोरवी मी कमी लेखत नाही. पण आपला विद्रोह शब्दांत आधी का उतरला, याचे एक कारण एवढे स्वस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. गाणे फुकट होते, जलसा फुकट होता, कागदही थोडका पुरे होता. कॅनव्हासला पैसे पडतात, खोली लागते, उजेड लागतो आणि चार-पाच वर्षे काही न कमावता शिकू देणारा बाप लागतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. जेकब लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढला. घरची गरिबीच. पण तेथे वस्तीतच कलेचे वर्ग होते, चार्ल्स ऑल्स्टनसारखा शिक्षक होता, जवळ सार्वजनिक वाचनालय होते. मंदीच्या काळात सरकारने चित्रकारांना पगार देण्याची योजना काढली, तीत ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकर्तीच्या खटपटीने लॉरेन्सला काम मिळाले. १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली. ती करण्यापूर्वी तो वाचनालयात बसून त्या स्थलांतराचा इतिहास वाचत होता. प्रत्येक चित्राखाली त्याने ओळ लिहिली. 'पीपल ऑफ इंडिया'तल्या चित्रांखालीही ओळ आहे. पण ही ओळ ज्यांचे चित्र आहे त्यांच्यातल्याच एकाने लिहिलेली आहे. एका वस्तीत एक वर्ग आणि एक वाचनालय असले तर काय घडते, ते यावरून दिसते.

मग आपल्या वस्तीत चित्र नव्हतेच का? होते. पण आपण त्याला कला म्हणून मोजले नाही. १९५० साली कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने जोतिराव फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला, तेव्हा बाबासाहेब हयात होते. १९६७ मध्ये शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पूर्णाकृती पुतळा संसदेच्या आवारात उभा राहिला. निळा कोट, हातात संविधान आणि पुढे केलेले बोट, हे रूप खेड्यापाड्यांत पोचले. ज्यांच्या आजोबांचा फोटोही नाही अशा लाखो घरांना या रूपाने एक पूर्वज दिला. समीक्षक म्हणतात, हे पुतळे एकसारखे, ओबडधोबड असतात. असतीलही. पण ते वर्गणीतून, एकेका दिवसाच्या मजुरीतून उभे राहतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ज्या प्रतिमेच्या अपमानाने एवढे लोक पेटून उठतात तिला केवळ कारागिरी म्हणून बाजूला सारता येत नाही. आपल्या सांस्कृतिक अस्मितेचा तो पहिला दृश्य आविष्कार आहे.

आमच्या भीमनगरात एक पेंटर होता. सगळी पोरे त्याला पेंटरमामा म्हणत. एरवी तो दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवी, एप्रिल जवळ आला की बाबासाहेब रंगवी. कॅलेंडरवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, प्लायवूडच्या फळीवर तितक्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. डोळे तो सर्वांत शेवटी काढी. चष्म्याच्या काचेवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला की म्हणे, "आता साहेब बघाय लागले." मग फ्लेक्स आला. संगणकावरून एका रात्रीत छापलेला बाबासाहेब दारात उभा राहू लागला आणि पेंटरमामाचे काम बंद पडले. त्याने आयुष्यात किती चित्रे काढली, त्यांतली किती उरली, हे कोणालाच ठाऊक नाही. मीही कधी मोजली नाहीत आणि मी इतिहास शिकवतो.

वस्तीत चित्र होते ते असे. कलाशाळेत शिकलेल्या पिढीतून जे आले त्यात सवी सावरकर यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९६१ साली नागपुरात जन्मलेले सावरकर तेथेच शिकले, पुढे बडोद्याला त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. त्यांनी गळ्यात मडके असलेला माणूस काढला. पेशवाईतला अस्पृश्य, मेलेले ढोर वाहणारा अस्पृश्य, देवदासी हे विषय त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळले. जाड, खरखरीत रेषा, काळोखातून पुढे आलेले चेहरे. ज्या माणसाचे चित्र दीडदोनशे वर्षे कोणी काढले नाही तो माणूस आता पाहणाऱ्याकडे रोखून पाहतो.

यांतल्या एका चित्राची छापील प्रत मी मायला दाखवली. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "ह्याच्या गळ्यात मडकं हाय ते दिसतंय. पर बांधलं कुणी ते कुठं दिसतंय?" मी गप्प झालो. नंतर मी तिला त्यांची दुसरी चित्रे दाखवली. तीत शेंडीवाला पुरोहित आहे, मनू आहे. माय म्हणाली, "हां. आता पुरं झालं."

मला वाटते, या चित्रकारांच्या कामाचे मर्म मायने एका वाक्यात सांगितले. अस्मितेचा शोध म्हणजे केवळ आपल्या जखमेचे चित्र काढणे नव्हे. 'मी कोण' याचे उत्तर जातीच्या व्यवस्थेत आधीच दुसऱ्याने देऊन ठेवलेले असते, मडके बांधून, झाडू बांधून, चित्राखाली जातीचे नाव लिहून. ते उत्तर कोणी दिले, कोणत्या अधिकाराने दिले, हे चित्रात आणल्याशिवाय आपला चेहरा आपला होत नाही. इंग्रजांच्या कॅमेऱ्यासमोर आम्ही एकटे उभे होतो. सावरकरांच्या चित्रांत मडके बांधणाराही चौकटीत आला आहे.

तरी एक शंका नोंदवतो. देवदासीचे चित्र पुरुष चित्रकार काढतो तेव्हा तिच्या शरीराकडे पाहण्याची जी सवय समाजाला आहे ती चित्रातही शिरण्याचा धोका असतो. तिची वेदना ती स्वतः कशी काढेल? आत्मकथनांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या लेखिकांनी सोडवला. शांताबाई कांबळे यांनी १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या आत्मकथनाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले. शब्दांत लिहिले, पण नाव चित्राचे दिले. प्रत्यक्ष चित्रात हे कोणी केले, ते पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागते.

बिहारच्या मिथिलेत घराच्या भिंती रंगवण्याची रीत जुनी आहे. १९३४ च्या भूकंपात घरे पडली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला आतल्या भिंतींवरची चित्रे दिसली. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठवले. ज्या चित्रांना आज मधुबनी म्हणतात ती त्यानंतर भिंतीवरून कागदावर उतरली. आरंभी नाव झाले ते ब्राह्मण आणि कायस्थ स्त्रियांचे. राम-सीता, कृष्ण-राधा, कोहबर ही त्यांची चित्रे. जितवारपूरच्या दुसाध स्त्रियांना मग प्रश्न पडला असेल की आपण काय काढावे? त्यांनी आपल्याच अंगाकडे पाहिले. हातापायांवर गोंदलेल्या गोदन्याच्या आकृत्या त्यांनी कागदावर आणल्या, दुसाधांचा वीरपुरुष राजा सलहेस याची कथा आणली. १९७० च्या दशकात एरिका मोझर या जर्मन अभ्यासिकेने त्यांना उत्तेजन दिले. चानो देवी या त्यांतल्या अग्रणी. जमुना देवी या चांभार समाजातल्या चित्रकर्तीने कागदाला शेणाचा हात दिला आणि त्यावर चित्र काढले. ज्या स्त्रीच्या वाट्याला शेणाचे काम आले तिने शेणालाच पार्श्वभूमी केले.

गोंदण आपल्याकडेही आहे. माझ्या आजीच्या हातावर हिरवे तुळशीवृंदावन होते. ती म्हणायची, "मेल्यावर एवढंच संगं येतंय." दागिना घालण्याची ऐपत आणि मुभा नसलेल्या बाईचे ते एकमेव धन. मिथिलेतल्या स्त्रियांनी ते धन अंगावरून उतरवून जगासमोर ठेवले. त्यांच्यानंतरच्या पिढीत पाटण्याच्या मालविका राज यांनी त्याच मिथिला शैलीत बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन काढले. चानो देवींनी जातीचा लोकवीर निवडला, मालविका राज यांनी जातीच्या पलीकडचा मार्ग निवडला. दोघींनीही विषय स्वतः निवडला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 

आता महाराष्ट्रातली तरुण पिढी. प्रभाकर कांबळे यांच्या एका शिल्पमालिकेचे नाव 'उतरंड' आहे. भांडी एकावर एक रचलेली. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली उतरंड आणि जातीची उतरंड, दोन्ही आपल्या बोलण्यात आहेत. सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर सगळ्यांचे ओझे, आणि ते हलले तर वरचे सगळे कोसळणार. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती येथे डोळ्यांना दिसते. मी वर्गात या शिल्पाचे छायाचित्र दाखवले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर आमच्या घरी आहे. आमच्या घरी कुणी बघायला येत नाही." वर्ग हसला. मला हसू आले नाही.

पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी पाण्याची जात कोणती असा प्रश्न आपल्या कामाला नाव म्हणून दिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याचे १०८ घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. गुडी यांनी पंचगव्य काचेच्या पेल्यांत भरून मांडले. ज्याला शुद्धी म्हटले ते काय होते, ते प्रत्येकाने पेल्यातून पाहावे. त्यांचे दुसरे काम आपल्या आत्मकथनांशी जोडलेले आहे. दलित आत्मकथनांत जेथे जेथे खाण्याचा उल्लेख आहे, शिळे, उष्टे, चान्या, तो भाग घेऊन त्या पाककृतीच्या भाषेत मांडतात. स्वयंपाकाच्या पुस्तकांत ज्या अन्नाला कधी जागा नव्हती त्याला पान मिळाले. आपल्या लेखकांचा शब्द अशा रीतीने पुढच्या पिढीच्या दृश्यकलेचा कच्चा माल झाला आहे. शब्द आधी आला म्हणून मी वर जे खंतावून लिहिले त्याची ही दुसरी बाजू आहे.

अमोल पाटील यांच्या कामात पोवाडे गाणारे आजोबा आणि नाटके लिहिणारे वडील यांचा वारसा आहे, मुंबईचे सफाई कामगार आहेत, चाळीतल्या खोल्या आहेत. २०२२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात ते काम मांडले गेले. विक्रांत भिसे यांनी आंबेडकरी चळवळीचे आणि पँथरचे कागद, छायाचित्रे, चेहरे चित्रांत आणले. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. 'पीपल ऑफ इंडिया'मधला कॅमेरा आणि हा कॅमेरा यांत यंत्राचा फरक थोडा, उभे राहण्याच्या जागेचा फरक फार मोठा आहे.

येथे दोन आक्षेप येतात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की, यांना 'दलित चित्रकार' म्हणणे म्हणजे पुन्हा चित्राखाली जातीची ओळ लिहिणे नव्हे काय? दलित साहित्याच्या बाबतीत हाच वाद झाला होता. माझे मत असे की, ओळ कोणी लिहिली यावर सगळे अवलंबून आहे. बाहेरच्याने लिहिली तर ती पाटी होते, आपण लिहिली तर ती भूमिका होते. मात्र जो कलावंत ही ओळ स्वीकारत नाही, ज्याला आंब्याचे झाड किंवा नुसता निळा रंग काढायचा आहे, त्यालाही आपण गद्दार म्हणू नये. आपल्या मुलाला आंब्याचे झाड काढण्याचा हक्क मिळावा, हाही लढ्याचा भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही चित्रे कोण पाहतो, कोण विकत घेतो? मुंबईतल्या कलादालनांत बहुतेक ठिकाणी तिकीट नसते. तरी दारातल्या काचेपाशी आमचे पाय अडतात. मी प्राध्यापक असून पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा दारावरून पुढे गेलो आणि मग आत शिरलो. आत कोणी काही बोलले नाही. पण ज्या मडक्याने माझ्या पूर्वजाचा श्वास कोंडला त्याचे चित्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला लागेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो. चित्रकाराने उपाशी राहावे असे मी म्हणणार नाही. पुस्तकेही विकली जातात. पण पुस्तक वीस हातांत फिरते, वाचनालयात राहते, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पथारीवर मिळते. चित्र एकाच घरात जाते आणि दार बंद होते. आपल्या अस्मितेचे चित्र आपल्या वस्तीला दिसलेच नाही, तर तो शोध कोणासाठी?

यावर उपाय चित्रकारांनी एकट्याने काढायचा नाही. आपले विहार आहेत, त्यांच्या भिंती रिकाम्या आहेत. आपली वसतिगृहे, महाविद्यालये, नियतकालिके आहेत. चित्रांच्या छापील प्रती तेथे लागल्या पाहिजेत. वस्तीच्या वाचनालयात रंगांच्या चार पेट्या आणि कागदाचे एक रीम ठेवायला फार पैसा लागत नाही. जयंतीच्या ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीच्या भाड्यात ते होते. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या पाट्या, पुतळे, कापडी फलक, ते रंगवणारे हात यांची नोंद करायला आताच लागले पाहिजे. आणखी दहा वर्षांनी ती नोंद सांगायला कोणी उरणार नाही.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा पेंटरमामाकडे गेलो. आता त्याला नीट दिसत नाही. मी विचारले, "मामा, जुनं एखादं चित्र हाय का?" त्याने कोठ्यातल्या कडब्यामागून एक प्लायवूडची फळी काढली. खालचा भाग वाळवीने खाल्लेला. निळा कोट फिकटला होता, चौकटींच्या पेन्सिलीच्या रेघा रंगाखालून वर आल्या होत्या. चष्म्यातला पांढरा ठिपका मात्र शाबूत होता. मी विचारले, "मामा, ह्याच्यावर तुमचं नाव कुठं हाय?" तो म्हणाला, "साहेबाच्या फोटोवर माझं नाव कशाला टाकू बाबा?"

मी त्या फळीचा फोटो घेतला. मागच्या बाजूला खडूने त्याचे नाव, गावाचे नाव आणि त्याला आठवले ते साल लिहिले. नाव लिहिताना तो माझ्याजवळ वाकून उभा होता आणि अक्षरे बरोबर आली का, हे बोटाने चाचपून पाहत होता.